ॲनामॉक्स रिॲक्टर कसा सुरू करावा: खानदेशच्या उन्हात, साध्या गाळापासून

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर या भागांतून मला एकाच धाटणीचे फोन येतात. "भाऊ, दहा दिवसांतच नायट्राइट संपायला लागलं. आता लोड वाढवू ना?" (लोड म्हणजे रोज आत जाणारं अमोनियम-नायट्राइट.) मी विचारतो, अमोनियम किती आहे? ते मोजलेलंच नसतं. दोन महिन्यांनी पुन्हा फोन येतो: सगळं बंद पडलं, गाळ फेकून दिला. ते ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा तो गाळ जिवंत असतो. फक्त पहिल्या दहा दिवसांत त्यात जे घडलं, ते ॲनामॉक्स नव्हतं.

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी, ईटीपीच्या (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाच्या) कोपऱ्यात चाचणी म्हणून किंवा गोबर गॅसच्या पाण्यातला अमोनिया काढायला जे हा रिॲक्टर उभा करतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

ॲनामॉक्स जिवाणू ऑक्सिजनशिवाय अमोनियम आणि नायट्राइट एकत्र वापरतात आणि त्यांचा नायट्रोजन वायू करून सोडतात. त्यांना हवा लागत नाही, सेंद्रिय कार्बनही लागत नाही. नायट्रोजनच्या हिशेबात (म्हणजे त्यांच्यातल्या फक्त नायट्रोजनचं वजन धरून) १ भाग अमोनियमला १.३२ भाग नायट्राइट खर्च होतं आणि ०.२६ भाग नायट्रेट तयार होतं. १ : १.३२ : ०.२६ हे प्रमाण रिॲक्टरवर मार्करने लिहून ठेवा. पुढचे सगळे निर्णय त्यावरूनच घ्यायचे आहेत. दुसरं असं, की अशा साध्या रिॲक्टरमध्ये हे जिवाणू दुप्पट व्हायला साधारण दीड ते दोन आठवडे घेतात. आज हलगर्जीपणाने अर्धा गाळ वाहून गेला, तर तो भरून यायला निदान तेवढे दिवस जातात.

टप्पा १ : भांडं आणि जागा

१६० मिमीचा पीव्हीसी पाइप, साधारण अडीच फूट उंच, दोन्ही बाजूंनी टोपणबंद. त्यात १२ लिटर पाणी धरायचं. पाणी तळातून आत येईल आणि वरच्या बाजूने बाहेर पडेल. बाहेरच्या नळीला यू आकाराचा वळसा द्या, म्हणजे त्यात पाणी साचून राहील आणि त्या वाटेने हवा आत शिरणार नाही. वायूसाठी वेगळी नळी काढा आणि तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवा.

पारदर्शक भांडं घेऊ नका. उजेड मिळाला की शेवाळ येतं आणि शेवाळ ऑक्सिजन सोडतं. आत काय चाललंय ते दिसावं म्हणून काच हवीच असेल, तर काळ्या कापडात गुंडाळा आणि पाहण्यापुरतीच उघडा.

आता जागा. या जिवाणूंना ३० ते ३५ अंश सेल्सिअस सगळ्यात मानवतं. पुण्या-नाशिककडे हिवाळ्यात यासाठी हीटरचा खर्च येतो, आपल्याकडे वर्षातले बरेच महिने हे तापमान आपोआप मिळतं. पण मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली हेच उलटतं. पाणी ४५ अंशांच्या आसपास गेलं की जिवाणू कायमचे मरतात, नंतर गार करून काही उपयोग नाही. एका उन्हाळ्यात माझा पाच महिन्यांचा गाळ असाच तीन दुपारींत गेला. हवेचं तापमान मी रोज पाहत होतो, पाण्याचं पाहत नव्हतो. तेव्हापासून रिॲक्टर जुन्या धाब्याच्या घरातल्या आतल्या खोलीत ठेवतो. मातीचं छत आणि जाड भिंती, त्यामुळे दिवस-रात्रीतला फरक फार पडत नाही. तशी खोली नसेल तर उन्हाळ्यात भांड्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळा. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री फिश टँकचा छोटा हीटर लावा, पण रिॲक्टरच्या आत नाही. रिॲक्टर पाण्याच्या टबात उभा करायचा आणि हीटर त्या टबात सोडायचा.

तपासा: भांड्यात पाणी भरा, सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावा आणि वायूच्या नळीतून हलकी फुंकर मारा. एकही बुडबुडा दिसला तर जोड पुन्हा करा. नंतर 'कुठून तरी हवा येतेय' म्हणत महिनाभर शोधत बसण्यापेक्षा आजचा एक तास परवडला.

टप्पा २ : पाणी आणि रसायनं

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. पसरट भांड्यात एक दिवस उघडं ठेवा, म्हणजे बहुतेक उडून जाईल. मग वापरण्याआधी एकदा तपासा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरणार असाल तर आधी त्यातलं नायट्रेट मोजा. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात वर्षानुवर्षं खतं पडली आहेत, त्यामुळे पाण्यात नायट्रेट आधीच असू शकतं. ते असलं म्हणून बिघडत नाही, पण माहीत नसलं तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

सुरुवातीला १० लिटर पाण्याला:

- अमोनियम क्लोराइड १.१५ ग्रॅम (कल्हईवाल्याचा नवसागर तो हाच, पण बाजारातला अशुद्ध असतो, प्रयोगशाळेचा घ्या)
- सोडियम नायट्राइट १.५ ग्रॅम
- खाण्याचा सोडा १० ग्रॅम
- पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट पाव ग्रॅम, जास्त नको
- मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम, पाणी जड असेल तर निम्मं
- चिलेटेड (पाण्यात विरघळलेलं राहील असं) लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं, अगदी थोडी

यातून अमोनियम आणि नायट्राइट दोन्ही नायट्रोजन म्हणून लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आसपास बसतात. खाण्याचा सोडा इथे नुसता पीएच धरून ठेवत नाही. हे जिवाणू आपलं शरीर बायकार्बोनेटच्या कार्बनपासूनच बांधतात. लोह टाळू नका. या जिवाणूंचा लाल रंग ज्या हीम प्रथिनांमुळे येतो, त्यांना ते लागतं.

अमोनियम क्लोराइडऐवजी युरिया टाकला तर चालेल का, असं बरेच जण विचारतात. नाही. युरियाचं अमोनियम व्हायला वेळ लागतो आणि तोवर तुमची मापं दिशाभूल करतात.

सावधान: सोडियम नायट्राइट दिसायला थेट मिठासारखं असतं आणि काही ग्रॅम पोटात गेलं तरी माणूस दगावू शकतो. मिठाच्या किंवा साखरेच्या बरणीत ते कधीही ठेवू नका. मोठ्या अक्षरांत 'विष' लिहून कुलपात ठेवा, मोजताना हातमोजे आणि मास्क घाला. त्यावर ॲसिड पडू देऊ नका, विषारी वायू निघतो.

आता पाण्यातला ऑक्सिजन घालवायचा. नायट्रोजनच्या सिलिंडरमधून १५-२० मिनिटं बुडबुडे सोडा. टायरवाल्याकडचा नायट्रोजन इथे कामाचा नाही, त्यात थोडी हवा राहिलेली असते. क्रमही महत्त्वाचा आहे: आधी नायट्रोजन सोडा, खाण्याचा सोडा नंतर घाला. उलट केलंत तर बुडबुड्यांबरोबर कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच साडेआठच्या वर चढतो. ३० अंशांना पीएच ८ असताना अमोनियमपैकी सात-आठ टक्के मुक्त अमोनियाच्या (पाण्यात विरघळलेल्या अमोनिया वायूच्या) रूपात असतं, ८.५ ला ते २० टक्क्यांवर जातं, आणि मुक्त अमोनिया जिवाणूंना मारक आहे. पीएच ७.५ ते ८ धरा.

नायट्रोजन सोडताना खोलीची दारं-खिडक्या उघडी ठेवा. त्याला वास नसतो, गुदमरतोय हे माणसाला कळतही नाही.

टप्पा ३ : विरजण

चालू ॲनामॉक्स प्लांटचा गाळ मिळाला तर प्रश्नच मिटला, पण आपल्याकडे तो सहसा मिळत नाही. मग साध्या गाळातूनच मूठभर जिवाणू शोधून वाढवायचे. एकाच ठिकाणचा गाळ घेऊ नका. अर्धा भाग ईटीपी किंवा एसटीपीतल्या (मैलापाण्याच्या शुद्धीकरण प्रकल्पातल्या) हवा नसलेल्या टाकीचा, पाव भाग जुन्या गोबर गॅसच्या तळाचा, पाव भाग जिथे वर्षानुवर्षं अमोनिया असलेलं पाणी साचतं अशा डबक्याच्या तळाचा.

सगळं एकत्र करून बारीक चाळणीतून गाळा. मग ऑक्सिजन काढलेल्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा: ढवळा, खाली बसू द्या, वरचं पाणी ओता. सडक्या अंड्यासारखा वास येतोय तोवर धूत राहा. तो सल्फाइडचा वास असतो आणि सल्फाइड या जिवाणूंना सोसत नाही. खाली बसलेला ४ लिटर गाळ पुरे. ताजं शेण टाकायचा मोह होईल, टाळा. त्यातल्या सेंद्रिय पदार्थांवर दुसरेच जिवाणू माजतात.

गाळ धरून ठेवायला फोमचे एक-दोन सेंटीमीटरचे तुकडे टाका, भांड्याचा तिसरा हिस्सा भरेल इतके. काथ्या किंवा घोसाळ्याची जाळी स्वस्त पडते म्हणून अनेक जण वापरतात. दोन्ही आत कुजतात आणि कार्बन सोडतात. मग पुढच्या टप्प्यातलं एकही माप भरवशाचं राहत नाही.

टप्पा ४ : पाणी सोडणं

दिवसाला ६ लिटर, म्हणजे पाणी आत दोन दिवस राहील. पेरिस्टाल्टिक पंप (नळी दाबत थोडंथोडं पाणी ढकलणारा) नसेल तर सलाइनचा सेट उत्तम. साध्या सेटमध्ये २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे मिनिटाला साधारण ८३ थेंब. जळगावात ठिबकचं सामान हाताशी असतं म्हणून लोक दोन लिटरचा ड्रिपर लावून पाहतात. त्याला पाइपलाइनचा दाब लागतो, डोक्याएवढ्या उंचीवरच्या डब्याने तो नीट चालत नाही. शिवाय दोन लिटर तासाला म्हणजे आपल्या गरजेच्या आठपट.

पाण्याचा डबा रिकामा होत जातो तशी हवा आत ओढली जाते. झाकणाला नायट्रोजन भरलेला फुगा किंवा पिशवी जोडा. पातळी उतरली की थेंबही मंदावतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ मोजून चिमटा सैल करा.

एकदम दिवसभराचं पाणी ओतून मोकळं व्हायचं, हे कधीच नको. नायट्राइट हे या जिवाणूंचं अन्न आहे आणि विषही. थेंबाथेंबाने दिलं तर ते खातात, एकदम दिलं तर त्यानेच मरतात.

लाइट गेली तर घाबरायचं कारण नाही. पंप बंद, पाणी बंद, जिवाणू थांबून राहतात. इन्व्हर्टरवर एअर पंप लावून 'गाळ मरू नये' म्हणून हवा देणारे भेटले आहेत मला. साध्या ईटीपीत ते बरोबर असतं, इथे घातक.

टप्पा ५ : तीन आकडे एकत्र वाचा

हाच टप्पा सगळ्यात जास्त चुकतो.

दर दोन दिवसांनी आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या, दोन्ही पाण्यांतलं अमोनियम, नायट्राइट आणि नायट्रेट मोजा. तिन्ही मापं 'नायट्रोजन म्हणून' लिहा. काही स्ट्रिप्स नायट्राइट आयन म्हणून आकडा दाखवतात, त्याला ३.३ ने भागा. नायट्रेट आयन असेल तर ४.४ ने.

मोजणीतल्या दोन खाचाखोचा. नायट्राइट फार जास्त असलं की गुलाबी रंग नीट उमटत नाही आणि आकडा कमी दिसतो, म्हणून नमुना दहापट पातळ करून पुन्हा मोजा. नायट्रेटच्या काही पद्धती नायट्राइटही त्यातच धरतात, ते वजा करायचं. अमोनियम मोजायच्या नेसलरच्या द्रावणात पारा असतो, ते मोरीत ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवा.

आता आकडे, सगळे लिटरला मिलिग्रॅममध्ये. सुरुवातीच्या दोन-चार आठवड्यांत असं काही दिसेल: आत अमोनियम ३०, नायट्राइट ३०, बाहेर अमोनियम ३८, नायट्राइट ३, नायट्रेट शून्य. फोनवरचा आनंद याच आकड्यांचा असतो. पण अमोनियम वाढलंय, कमी झालेलं नाही. गाळातले बाकीचे जिवाणू मरून फुटतात, त्यांच्यातून अमोनियम बाहेर येतं आणि त्यांच्याच कार्बनवर डीनायट्रीकरण करणारे (सेंद्रिय कार्बन खाऊन नायट्राइट-नायट्रेटचा नायट्रोजन वायू करणारे) जिवाणू नायट्राइट फस्त करतात. ॲनामॉक्सचा इथे अजून मागमूस नाही. इथे लोड वाढवला, की हा कार्बन संपल्यावर नायट्राइट साचतं आणि मूठभर ॲनामॉक्स जिवाणू त्यात बुडतात.

त्यानंतर शांत काळ येतो. जे आत जातं तेच बाहेर येतं. आठवडेच्या आठवडे काही हलत नाही आणि लोक नेमके इथेच हार मानून गाळ फेकतात. कृपा करून फेकू नका. जगातला पहिला मोठा ॲनामॉक्स रिॲक्टर रॉटरडॅमला २००२ मध्ये सुरू झाला आणि पूर्ण क्षमतेवर यायला त्याला साडेतीन वर्षं लागली. तुम्हाला तेवढी लागणार नाहीत, पण साध्या गाळापासून सुरुवात असेल तर चार ते सहा महिने धरूनच चाला. या काळात काम एकच: बाहेरचं नायट्राइट ३० च्या वर जाऊ देऊ नका, गरज पडली तर आत जाणारंच कमी करा.

आणि मग एक दिवस तिन्ही आकडे एकदम हलतात. उदाहरणार्थ, आत अमोनियम ५०, नायट्राइट ६०, नायट्रेट २ (विहिरीचं). बाहेर अमोनियम १४, नायट्राइट १२, नायट्रेट ११. अमोनियम ३६ ने घटलं, नायट्राइट ४८ ने घटलं, नायट्रेट ९ ने वाढलं. ४८ भागिले ३६ म्हणजे १.३३. ९ भागिले ३६ म्हणजे ०.२५. मार्करने लिहिलेल्या प्रमाणाशी ताडून पाहा. बाहेरचा पीएच आतल्यापेक्षा किंचित वर असेल आणि वायूच्या बाटलीत बुडबुडे येत असतील. गाळ तपकिरीवरून विटकरी आणि पुढे लाल होत जातो. पण नुसत्या रंगावर विसंबू नका, लोहाच्या गंजानेही गाळ तांबूस दिसतो.

आणखी एक फसवं चित्र. आत ५०, ६०, २. बाहेर ४०, ४५, २४. अमोनियम घटलं, नायट्राइट घटलं, नायट्रेट वाढलं, म्हणजे वरवर सगळं छान. बेरीज करा: आत ११२, बाहेर १०९. नायट्रोजन कुठे गेलाच नाही, फक्त त्याचं नायट्रेट झालं. कुठून तरी हवा शिरतेय. जोडांना साबणाचा फेस पुन्हा लावून पाहा.

उन्हाळ्यात एक साधी खातरजमा करा: तशाच भांड्यात गाळ न टाकता तेच पाणी ठेवा. त्यातलंही अमोनियम घटत असेल, तर ते उडून जातंय आणि तुमचा पीएच जास्त आहे.

टप्पा ६ : लोड वाढवणं

बाहेरचं नायट्राइट सलग आठवडाभर १० च्या खाली आणि प्रमाण जवळपास बरोबर, तरच वाढवा. एका वेळी १० ते २० टक्के. एक तर तीव्रता वाढवा किंवा पाण्याचा वेग, दोन्ही एकदम नको. सूत्र सांगतं म्हणून नायट्राइट १.३२ पट देऊ नका. अमोनियम किंचित शिल्लक राहील असं थोडं कमीच द्या.

बाहेरचं नायट्राइट ५० च्या वर गेलं तर: पाणी ताबडतोब बंद. अर्धं पाणी काढून ऑक्सिजन नसलेलं, फक्त अमोनियम आणि सोडा असलेलं पाणी भरा. नायट्राइट ओसरेपर्यंत थांबा. मग आधीच्या निम्म्या लोडवर सुरुवात.

वायू वाढला की गाळाचे गोळे बुडबुड्यांबरोबर वर तरंगून बाहेर पडू लागतात. बाहेरच्या नळीखाली बादली ठेवा, त्यात बसलेला गाळ रोज परत आत टाका.

टप्पा ७ : खरं सांडपाणी

गोबर गॅसचं किंवा डेअरीच्या ॲनारोबिक (हवेविना चालणाऱ्या) टाकीनंतरचं पाणी चालेल. थेट गोठ्याचं किंवा कच्चं डेअरीचं नाही. सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांचं माप) नायट्रोजनच्या दुपटीपेक्षा कमी हवा. पाण्यात नायट्राइट असेल तर सीओडीचा आकडा फुगतो, दर मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजनला सुमारे १.१ मिलिग्रॅमने. तेवढा वजा करा.

खऱ्या पाण्यात नायट्राइट नसतं, ते आधी बनवावं लागतं. त्यासाठी वेगळी टाकी: पाण्याचा साधारण ५५ टक्के भाग तिथे कमी हवेवर चालवायचा, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ०.५ ते १ मिलिग्रॅम, आणि मग उरलेल्या कच्च्या पाण्यात मिसळायचा. आपली उष्णता इथे कामी येते. २५ अंशांच्या वर अमोनियमचं नायट्राइट करणारे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करणाऱ्यांपेक्षा भराभर वाढतात. त्या टाकीत हवा जास्त सोडली की मात्र सरळ नायट्रेट होतं आणि ॲनामॉक्सच्या वाट्याला काही उरत नाही. क्षारताही (पाण्याची आम्ल पेलण्याची ताकद) मोजा: एकूण पाण्यातल्या दर ग्रॅम अमोनियम-नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे ४ ग्रॅम लागते.

मिसळलेल्या पाण्यातला उरलेला ऑक्सिजन काढून मगच ते रिॲक्टरमध्ये सोडा. पहिल्या आठवड्यात १० टक्के खरं पाणी, बाकी तयार केलेलं. दर आठवड्याला थोडं वाढवत जा आणि तीन आकड्यांचं प्रमाण बिघडलं की एक पायरी मागे या.

सावधान: गोठा फिनाइलने धुतल्याच्या दिवशीचं पाणी वेगळं काढा, जनावरांना अँटिबायोटिक चालू असेल तेव्हाचंही. मिथेनॉल थोडंसुद्धा गेलं तर जिवाणू कायमचे निकामी होतात.

सोडण्याआधी नायट्रेट मोजा. काढलेल्या नायट्रोजनपैकी साधारण ११ टक्के नायट्रेट म्हणून मागे राहतो. लिटरला ५०० मिलिग्रॅम काढले तर ५५ च्या आसपास. नदी-नाल्यात सोडण्याची सर्वसाधारण मर्यादा नायट्रेट-नायट्रोजनसाठी १० आहे. म्हणजे एवढ्या तीव्र पाण्याला पुढे डीनायट्रीकरणाची छोटी टाकी लागणारच, तिची जागा आराखड्यातच ठेवा.

रिॲक्टर काही दिवस बंद ठेवायचा असेल तर

गाळ बाटलीत काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका. थोडं सोडियम नायट्रेट घाला, म्हणजे सल्फाइड होणार नाही. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ४ अंशांना ठेवा. फ्रीझरमध्ये नाही, आणि घरच्या खाण्याच्या फ्रिजमध्ये तर मुळीच नाही. परत सुरू करताना आधी एक दिवस खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि शेवटच्या लोडच्या एक चतुर्थांशावर पाणी सोडा.